विमान, जहाज आणि समुद्रपूरची सायकल

महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ हा काही कोणी रविवारी दुपारी लोळत वाचावा असा ग्रंथ नव्हे. पण सरकारी गद्यातून विनोद काढायची ज्यांना खोड आहे, त्यांनी त्यातली 'वाहन' या शब्दाची व्याख्या जरूर बघावी. गाडा, छकडा, ट्रक, हातगाडी असं करत करत ती सायकलीपाशी येते, तिथून तीनचाकी सायकल आणि रिक्षा गोळा करते आणि शेवटी थेट जहाज व विमानावर जाऊन थांबते. म्हणजे दुधाचे कॅन लटकवून समुद्रपूरहून जामकडे निघालेला दूधवाला आणि नागपूरला विमान उतरवणारा वैमानिक, हे दोघे गेली सत्तर-पंचाहत्तर वर्षं एकाच ओळीत बसले आहेत. फरक एवढाच की वैमानिकाला उतरण्याआधी टॉवरवरून कोणीतरी 'आता या' असं सांगतं. दूधवाल्याला जाम चौरस्त्यावर मान दोन्हीकडे वळवून स्वतःच स्वतःला परवानगी द्यावी लागते.

हा मान मात्र पोलीस कायद्यापुरताच. रस्त्यावरचा खरा कर्ताकरविता म्हणजे १९८८ चा मोटार वाहन कायदा, आणि त्याच्या घरात सायकलीला ओसरीवरही जागा नाही. सिग्नल आणि पाट्या पाळायला सांगणारं कलम ११९ मोटार चालवणाऱ्याला उद्देशून आहे. हेल्मेटचं कलम १२९ मोटारसायकलवाल्यासाठी. लायसन्स, विमा, पीयूसी, नंबरप्लेट यांतलं सायकलवाल्याकडे काहीच नसतं. नंबरप्लेटच नसल्यामुळे शहरातल्या चौकातला कॅमेराही त्याचं नुसतं चित्र काढतो, ई-चलान कोणाच्या नावाने फाडायचं ते त्याला कळत नाही. नागपुरात लाल दिव्यातून एखादा सायकलवाला शांतपणे निघून जातो, तेव्हा बाजूला थांबलेल्या स्कूटरवाल्याच्या चेहऱ्यावर जो भाव येतो तो कायद्याच्या आदराचा नसतो. तो शुद्ध मत्सर असतो.

यावरून सायकलवाल्याला रान मोकळं आहे, असं मात्र कोणी समजू नये. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचं कलम २८१ बेदरकारपणे वाहन चालवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड सांगतं, आणि तिथे मोटार असण्याची अट नाही. डावीकडून चला, पुढच्याला ओलांडायचं तर त्याच्या उजवीकडून ओलांडा, हे पोलीस अधिनियमाचं कलम ९९ विमानाला लागू असो वा नसो, सायकलीला आहे.

एके काळी तर कायद्याचा सायकलीवर फारच जीव होता. नगरपालिकेचा कर भरल्याचा बिल्ला सायकलीला लावावा लागे. अंधार पडल्यावर दिवा नसला किंवा कॅरिअरवर भाऊ, मित्र, बायको यांपैकी कोणी बसलेलं आढळलं, की पोलीसदादा कोपऱ्यावरून अवतरत आणि पैसे नसतील तर चाकातली हवा सोडून देत. चालत घरी जाणं ही शिक्षा आणि पंक्चरवाल्याकडे हवा भरणं हा दंड. आज कोणी पोलिसाने डबलसीटवर कारवाई करायची म्हणून तालुक्याच्या गावात उभं राहायचं ठरवलं, तर मोटारसायकलवरचे चारसीट मोजण्यातच त्याची ड्यूटी संपेल.

वर्धा जिल्ह्यातल्या समुद्रपूर तालुक्याची मोठ्या जगाशी गाठ पडते ती जामला. श्रीनगरहून कन्याकुमारीला जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४४ इथून जातो. जुनी मंडळी त्याला सात नंबर म्हणत, आणि सरकारने नंबर बदलून इतकी वर्षं झाली तरी अजून म्हणतात. नागपूरहून आलेली गाडी इथून सरळ हिंगणघाटकडे जाते किंवा वरोरा-चंद्रपूरकडे वळते. नावावरचा विनोद जामच्या लोकांनी येणाऱ्याजाणाऱ्याच्या तोंडून इतक्यांदा ऐकला आहे की तो इथे न केलेलाच बरा.

आता थोडं गणित. अशा दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर मोटारीला ताशी १०० किलोमीटरची मुभा २०१८ च्या अधिसूचनेने दिलेली आहे. ताशी १०० म्हणजे सेकंदाला जवळपास २८ मीटर. एका बाजूच्या दोन पदरांची रुंदी साधारण ७ मीटर. सायकल हातात धरून, कॅरिअरवरचं दप्तर सावरत सातवीतली मुलगी ते ७ मीटर ओलांडायला सहा-सात सेकंद घेणार. तेवढ्यात कायदा पाळणारी मोटार पावणेदोनशे मीटर पुढे येते. म्हणजे रस्त्यात पाऊल टाकताना त्या मुलीने दीड-दोनशे मीटरवरच्या ठिपक्याकडे बघून ठरवायचं की हा ठिपका ट्रक आहे की कार, आणि कार असेल तर ती हैदराबादला लग्नाला चालली आहे की लग्न आटोपून परत येते आहे. शाळेत तिला याच वेळी वेग, काळ आणि अंतराची उदाहरणं घालतात. बाईंनी 'गणित कच्चं आहे' असा शेरा मारला तर आश्चर्य वाटेल, कारण कच्चं असतं तर ती शाळेत पोचलीच नसती.

समुद्रपूरसारख्या गावाच्या आतल्या चौकात वेग इतका नसतो. तिथे सिग्नलही नसतो. तरीही एसटी, ट्रॅक्टर, ऑटो, तुरीची पोती घेतलेला छोटा हत्ती, दोन बैलगाड्या आणि पाच-सहा सायकली एकाच वेळी त्या चौकात शिरतात आणि सहसा शाबूत बाहेर पडतात. हे कसं होतं, याचं उत्तर पुस्तकात नाही. पुस्तकातला नियम सांगतो की कोणताच रस्ता मुख्य नसेल तिथे उजव्या हाताने येणाऱ्याला आधी वाट द्यावी. चौकातला नियम सांगतो की ज्याचं बंपर मोठं तो आधी. एसटीला ट्रॅक्टर वाट देतो, ट्रॅक्टरला ऑटो, ऑटोला मोटारसायकल, आणि सायकलवाला सगळ्यांना. इंग्लंडने जानेवारी २०२२ मध्ये आपल्या वाहतूक नियमावलीत एक उतरंड घातली: जो दुसऱ्याचं जास्त नुकसान करू शकतो, त्याची जबाबदारी जास्त. आपल्याकडेही उतरंड तीच आहे, फक्त उलटी टांगलेली. ती सरळ होते ती एकाच प्रसंगी. गिरडकडच्या जंगलपट्ट्यात वाघ रस्ता ओलांडायला आला की ट्रकपासून सायकलीपर्यंत सगळे थांबतात. कोणी हॉर्न वाजवत नाही. झेब्रा क्रॉसिंगची त्याला कधी गरज पडलेली नाही.

वळताना इशारा देण्याचंही तसंच. २०१७ मध्ये नवे नियम येईपर्यंत चाललेल्या १९८९ च्या रस्त्याच्या नियमांत हाताचे इशारे तपशीलवार सांगितले होते. उजवीकडे वळायचं तर उजवा हात आडवा बाहेर काढायचा, इथपर्यंत ठीक. डावीकडे वळायचं असेल तर तोच उजवा हात बाहेर काढून घड्याळाच्या उलट दिशेने गोल फिरवायचा. मोटारीच्या खिडकीतून हे शोभून दिसतं. पण हॅण्डलला एकीकडे जेवणाचा डबा, दुसरीकडे औषधाची बाटली आणि मागे कॅरिअरवर चाऱ्याचा भारा घेऊन चाललेल्या गड्याने हवेत उजवा हात उलटा फिरवायला सुरुवात केली, तर मागचा ट्रकवाला समजेल की कोणी ओळखीचा माणूस बोलावून राह्यला. म्हणून इथे वळण जाहीर होतं ते अंगाने. मान किंचित कलते, उजवा पाय पायडलवरून अर्धा सुटून रस्ता चाचपतो आणि तोंडातून 'ओ भाऊ' निघतं. या 'ओ भाऊ'त वळतो, थांबा, दिसलो का आणि माफ करा, हे चारही इशारे सामावलेले असतात. उत्तर ट्रकच्या काचेतून येतं.

"काऊन बे, दिसत नाही काय?"

"दिसून राह्यलं म्हणूनच तर थांबलो ना बाप्पा!"

संवाद संपतो, दोघेही आपापल्या वाटेने जातात. एवढी सुसंवादी चौकव्यवस्था कुठल्या वाहतूक अभियंत्याने आखली असती तर तिच्यावर प्रबंध झाले असते.

पण सायकलवाला म्हणजे गरीब गाय आणि बाकीचे कसाई, असंही चित्र काढता येत नाही. त्याची सगळ्यात लाडकी खोड म्हणजे राँग साइड. महामार्ग चौपदरी झाला, मधोमध दुभाजक आला आणि समोर दिसणारं शेत एकदम दूर गेलं. नियमाने जायचं तर पुढच्या कटपर्यंत जा, वळा आणि तेवढंच परत या. मोटारीला हे एका मिनिटाचं काम. सायकलीला, उन्हात, समोरून वारा असताना, दहा-पंधरा मिनिटांचं. तेव्हा गडी सरळ डांबराच्या कडेने उलटा निघतो. 'समोरून गाडी येताना दिसते तरी, मागून आली तर काय कळते,' असा त्याचा युक्तिवाद असतो आणि ऐकताना तो पटतोही. फाट्यावर मात्र तो कोसळतो. आडव्या रस्त्यावरून महामार्गावर डावीकडे वळणारा चालक फक्त उजवीकडे बघत असतो, कारण गाड्या तिकडूनच यायच्या असतात. डावीकडून, नियमाविरुद्ध, आवाज न करता, दिव्याविना येणारी सायकल त्याच्या हिशेबातच नसते. धडक झाली की दोघेही खरं बोलतात. हा म्हणतो, 'मला तो दिसलाच नाही.' तो म्हणतो, 'मला तर हा कधीचा दिसत होता.'

यात खोड सायकलवाल्याची असली तरी चूक बरीचशी रस्त्याची आहे. जिथे माणसं रोज ओलांडतात तिथे कट ठेवायचा नाही, आणि मग माणसांना शिस्त नाही म्हणून भाषण करायचं, ही आपली जुनी रीत. भारतीय रस्ते काँग्रेसने सायकल मार्ग कसे आखावेत याची पुस्तिका १९६२ साली काढली आणि २०१५ मध्ये सुधारूनही दिली. म्हणजे ज्ञानाचा दुष्काळ नाही. ते कोणत्या कपाटात असतं आणि किल्ली कोणाकडे असते, एवढाच प्रश्न.

दूरदेशी या चौकांवर फार डोकं चालवलेलं आहे. अमेरिकेतल्या आयडाहो राज्याने १९८२ मध्ये ठरवून टाकलं की 'थांबा' अशी पाटी असेल तिथे सायकलवाल्याने वेग कमी करून दोन्हीकडे बघावं आणि कोणी येत नसेल तर न थांबता जावं. सायकलवाल्यांच्या फुटकळ खटल्यांना तिथली न्यायालयं कंटाळली होती, हे त्यामागचं एक कारण. समुद्रपूरच्या गड्याला हे वाचून दाखवलं तर तो विचारेल, 'मग आम्ही काय करून राह्यलो?' नेदरलँड्समध्ये मोटार आणि सायकलची धडक झाली तर भरपाईचा भार मुळातच मोटारवाल्यावर टाकलेला आहे. सायकलवर चौदा वर्षांखालचं पोर असेल तर जवळपास पूर्णच. चूक कोणाची, हा वाद नंतर. आणि डेन्मार्कमध्ये मोठ्या चौकात सायकलवाल्याने रहदारीच्या मधून आडवं घुसून वळायचं नाही, असा कायदाच आहे. आधी कडेकडेने सरळ पलीकडे जायचं, कोपऱ्यावर थांबायचं, तोंड वळवायचं आणि मग दुसऱ्या टप्प्यात उरलेला रस्ता ओलांडायचा. कोपनहेगनला लोक हे बघायला जातात, फोटो काढतात, परत येऊन सादरीकरण करतात.

त्यांनी तेवढा खर्च वाचवून दहा-साडेदहाच्या सुमारास कुठल्याही तालुक्याच्या चौकात उभं राहावं. निळ्या-पांढऱ्या गणवेशातल्या मुली, दोघी-तिघींच्या रांगेत, नेमकं हेच करतात. उजवीकडे वळायचं असलं तरी त्या मधे घुसत नाहीत. डाव्या कडेने पुढे येतात, कोपऱ्यावर खाली उतरतात, ओढणी चेनमध्ये गेली नाही ना बघतात, एकमेकींना 'चाल, चाल, आता चाल' म्हणतात आणि सगळ्या एकदम पलीकडे. पोट्टे मात्र त्याच वेळी दोन ट्रकांच्या मधून, एक हात सोडून, मागे वळून मित्राशी बोलत जातात. डेन्मार्कचा कायदा कोणी शिकवला नसताना मुली पाळतात आणि आयडाहोचा कायदा कोणी सांगितला नसताना पोट्टे मोडतात. खाली उतरण्यात मुलींचा आणखी एक फायदा आहे, जो त्यांना ठाऊक नसेल: सायकल हातात धरून चालू लागलं की कायद्यात माणसाला बढती मिळते. तो पादचारी होतो, आणि झेब्रा पट्ट्यांवर पादचाऱ्याला आधी वाट द्यावी असा नियम आहे. आता पट्टे कुठे आहेत, हे विचारायचं नाही.

या मुलींपैकी बऱ्याच जणींची सायकल सरकारनेच दिलेली असते. मानव विकास कार्यक्रमाखाली राज्यातल्या १२५ तालुक्यांत शाळेपासून ५ किलोमीटरच्या आत राहणाऱ्या आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकलीसाठी पैसे मिळतात. योजना चांगलीच आहे. तिच्यामुळे कितीतरी मुलींची शाळा आठवीनंतर सुटायची थांबली. फक्त शासनाचा एक विभाग मुलीला सायकलीवर बसवतो आणि दुसरा विभाग तिच्या शाळेच्या वाटेवर १०० चा वेग आणून सोडतो. दोघांची भेट झाली तर चौकातच होईल.

वर्धा जिल्ह्याला हा पेच नवा नाही. १९३६ मध्ये गांधीजी सेगावला, म्हणजे पुढच्या सेवाग्रामला, राहायला गेले आणि देशभरच्या पुढाऱ्यांना चिखलवाटेने तिथवर जाणं भाग पडलं. त्यांना वर्ध्याला आणलं जमनालाल बजाज यांनी. पुढे त्याच बजाज घराण्याने १९७२ मध्ये चेतक स्कूटर काढली आणि अख्ख्या मध्यमवर्गाला सायकलीवरून उतरवलं. आता तर जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाने समृद्धी महामार्ग जातो, त्यावर सायकल सोडाच, चेतकलाही जायची परवानगी नाही.

२०११ च्या जनगणनेत देशातल्या ४४.८ टक्के घरांत सायकल होती, २१ टक्के घरांत मोटारसायकल किंवा स्कूटर आणि ४.७ टक्के घरांत मोटार. रस्ते मात्र बहुतेक त्या ४.७ टक्क्यांना विचारून बांधलेले दिसतात. अ‍ॅटलस कंपनीने साहिबाबादचा सायकल कारखाना ३ जून २०२० रोजी बंद केला. त्या दिवशी जागतिक सायकल दिन होता. आणि २०२२ या एका वर्षात भारतात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली. त्यांत ३२,८२५ पायी चालणारी होती, आणि साधारण शंभरातली तीन सायकलवरची.

सायकलवाल्याशी मोटार वाहन कायद्याची ओळख होते ती इथे. जिवंतपणी कायद्याला न दिसणारा हा माणूस धडकेनंतर मात्र स्पष्ट दिसू लागतो. कलम १६६ खाली त्याला किंवा त्याच्या वारसांना भरपाई मागता येते. धडक देणारी गाडी पळून गेली तर १ एप्रिल २०२२ पासूनच्या योजनेत मृत्यूसाठी २ लाख आणि गंभीर इजेसाठी ५० हजार रुपये आहेत. नंबरप्लेट नाही, लायसन्स नाही, म्हणून तिथे कोणी अडवत नाही.

जिवंत असतानाच त्याची दखल घ्यावी, हे २०१९ च्या दुरुस्तीने सुचवलं. कलम १३८ ला (१ए) जोडलं गेलं: विनाइंजिनाची वाहनं आणि पादचारी यांच्याबद्दल राज्यांनी नियम करावेत. 'करावेत' म्हटल्यावर सरकारी दप्तरात जे होतं तेच झालं. शेवटी ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना सांगितलं, सहा महिन्यांत करा. ज्या याचिकेत हे सांगितलं ती २०१२ पासून चालू आहे आणि ती करणारे डॉ. एस. राजशेखरन हे कोइमतूरचे अस्थिरोगतज्ज्ञ आहेत. मोडलेली हाडं जोडून जोडून एखादा डॉक्टर कंटाळतो आणि कोर्टात जातो, ही गोष्ट वकिलांनी आणि अभियंत्यांनी मिळून जरा मनावर घ्यायला हवी होती.

नियम करताना साहेबांनी समुद्रपूरच्या पंक्चरवाल्याकडे अर्धा तास बसावं. चौकाचं निरीक्षण त्याच्याइतकं कोणाचं नसतं. त्याचं दुकानच तिथे असतं. त्याच्या मागण्या फार नाहीत. शाळेच्या वाटेवर कट हवा. फाट्याच्या आधी गाडीला खडखड होईल असे पांढरे पट्टे हवेत, आणि ते पहिल्या पावसात वाहून जायला नकोत. रस्त्याच्या मधोमध, दुभाजकात, सायकल घेऊन दोघी-तिघींना उभं राहता येईल एवढी जागा हवी, म्हणजे सात-सात मीटरचं गणित दोन हप्त्यांत सुटेल. घंटी सक्तीची करावी का, यावर मात्र गिऱ्हाइकांत एकमत होत नाही.

"घंटीचा आवाज ट्रकवाल्याले कुठं जाते, काका? त्यापेक्षा आपलं 'ओ भाऊ' बरं."

"तेही आता नाही जात," काका ट्यूब पाण्याच्या घमेल्यात दाबत बुडबुडे शोधतात. "ऑक्टोबर पंचवीसपासून नव्या ट्रकच्या केबिनमधी एसी लागते म्हणे. कंपल्सरी. काचा बंद."